नीतिमान ‘ठरणे’: एका क्रियापदाची कुळकथा

किल्ला कोर्टात आरोपी निर्दोष ठरतो. लालबागच्या चाळीत मुलीचं लग्न ठरतं. गिरगावातल्या मराठी ख्रिस्ती घरात पवित्र शास्त्र उघडलं, की विश्वास ठेवणारा माणूस देवापुढे नीतिमान ठरतो. तिन्हीकडे क्रियापद एकच आहे.

यातल्या ‘नीतिमान’ या कल्पनेचं मूळ हिब्रू ‘त्सेदेक’मध्ये आहे. नात्याला, कराराला जागणं हा त्याचा गाभा. प्रेषित पौलाने ग्रीकमध्ये ‘दिकाइऊन’ वापरलं, ते निवाड्याचं क्रियापद: न्यायाधीशाने एखाद्याच्या बाजूने निकाल देणं. लॅटिनमध्ये त्याचं ‘युस्तिफिकारे’ झालं आणि त्यात ‘फाकेरे’, म्हणजे करणं, शिरलं. मग देव माणसाला हळूहळू नीतिमान करत नेतो, असा अर्थ रुळला.

विटेनबर्गचा संन्यासी मार्टिन लूथर या अर्थाखाली पिचला होता. उपास, जागरणं, पापांची कबुली यांतलं काहीच त्याला पुरेसं वाटेना. रोमकरांस पत्र शिकवताना आणि पुन्हापुन्हा वाचताना त्याला उमगलं, की देवाचं नीतिमत्त्व हे माणसाला मोजायचं माप नाही, ते देवाने दिलेलं दान आहे. माणूस ते फक्त विश्वासाने घेतो. लूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धानिवेदनाच्या चौथ्या कलमात हेच नोंदलं गेलं.

मुंबईत १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले. ते लूथरपंथी नव्हते, पण ही शिकवण त्यांच्याही श्रद्धेचा कणा होती. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार १८२६ मध्ये छापून झाला, त्याच वर्षी हॉल वारले. १८४७ मध्ये संपूर्ण बायबल आलं. पुढे बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिलं.

आज रूढ असलेल्या मराठी भाषांतरात दोन शब्दांची सांगड आहे. हिंदीने ‘धर्मी’ घेतलं, गुजरातीने ‘न्यायी’. मराठीने घेतलं ‘नीतिमान’. हा शब्द आपल्याला लगेच वागणुकीकडे नेतो: सचोटी, शुद्ध चारित्र्य, निष्कलंक नाव. पण शेजारचं ‘ठरणे’ त्याला सावरतं. निकाल आपण लावत नाही, तो आपल्याविषयी लागतो. लूथरच्या मते असा माणूस एकाच वेळी पापीही असतो आणि नीतिमानही. चांगली कृत्यं मागाहून येतात, जशी चांगल्या झाडाला फळं.

ही गोष्ट सांगताना लूथरने १५२० मध्ये लग्नाचा दाखला दिला होता: ख्रिस्तरूपी वर वधूची सारी पापं आपल्या अंगावर घेतो आणि आपली संपत्ती तिच्या नावे करतो. कोर्ट आणि लग्न, ही दोन्ही चित्रं मराठीच्या एका ‘ठरणे’त मावतात. लग्न ठरतं त्या दिवशी संसार अजून सुरू व्हायचा असतो. नातं मात्र पक्कं झालेलं असतं.