पापनिवेदन व पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

केलेले पाप पदरी घेऊन ते देवापुढे, धर्मगुरूपुढे किंवा ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे बोलून दाखवणे म्हणजे पापनिवेदन. त्या पापाकडे पाठ फिरवून देवाकडे वळणे म्हणजे पश्चात्ताप. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथांत पापनिवेदनाला संस्काराचे स्थान आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ ते सामुदायिक उपासनेत व खाजगी प्रार्थनेत करतात. बोलण्यात ‘कन्फेशन’ हा शब्द रूढ असून गोव्यातील कॅथलिक त्याला ‘कुमसार’ म्हणतात.

शास्त्राधार : स्तोत्र ५१, योहान २०:२२–२३ (शिष्यांना पापक्षमेचा अधिकार), याकोब ५:१६ (एकमेकांजवळ पापे कबूल करणे), १ योहान १:९, लूक १५ मधील उधळ्या पुत्राचा दाखला. रोजच्या जीवनाच्या दृष्टीने आणखी दोन उतारे फार मोलाचे आहेत. वेदीशी आलेल्या माणसाला भावाशी असलेले वैर आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून त्याने आधी समेट करावा, असे मत्तय ५:२३–२४ सांगते. लूक १९ मधील जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. पश्चात्तापाचा कस भरपाईत लागतो, ही ख्रिस्ती शिकवण या दोन उताऱ्यांवर उभी आहे.

इतिहास : सुरुवातीच्या शतकांत धर्मत्याग, खून व व्यभिचार ही पापे सर्वांत गंभीर मानली जात. बाप्तिस्म्यानंतर अशा पापाची क्षमा आयुष्यात एकदाच मिळू शकते, असे ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातील ग्रंथात म्हटले आहे. गोणपाट नेसून, राखेत बसून, मंडळीपुढे लोटांगण घालणाऱ्या पश्चात्तापीचे वर्णन ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने केले आहे. सम्राट डेसियसच्या छळात (२४९–२५१) अनेकांनी रोमन देवतांना बळी अर्पण केले, तर काहींनी बळी न देताच तशी प्रमाणपत्रे मिळवली. छळ ओसरल्यावर या लोकांना परत घ्यावे की नाही, यावरून मंडळीत फूट पडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना स्वीकारण्याचा मार्ग काढला. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन याचे अनुयायी मात्र कायमच्या बहिष्कारावर अडून राहिले. सिप्रियनचा पक्ष टिकला, आणि पडलेल्याला परतीची वाट असते हे तत्त्व चर्चमध्ये रुजले.

थेसालोनिका येथे आपल्या हुकमाने झालेल्या कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राट थिओडोसियस याला ३९० मध्ये जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले. बिशपने त्याला चर्चच्या दारातच अडवले, ही कथा मात्र नंतरची असावी. जाहीर प्रायश्चित्त इतके कडक होते की पुष्कळ लोक ते मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकत. पापांची यादी मंडळीपुढे वाचून दाखवण्याच्या प्रथेला पोप पहिला लिओ याने ४५९ मध्ये मनाई केली.

सध्याच्या खाजगी पापनिवेदनाची मुळे सहाव्या शतकातील आयरिश मठांत आहेत. तेथील प्रायश्चित्त-पुस्तकांत कोणत्या पापाला भाकरी-पाण्यावर किती दिवस उपवास, याची कोष्टके असत. हे पापनिवेदन एकांतात होई आणि कितीही वेळा करता येई. टोलेडो परिषदेने (५८९) वारंवार क्षमा मागण्याच्या चालीचा निषेध केला, तरी कोलंबान (मृ. ६१५) व इतर मठवासींमुळे ती युरोपभर पसरली. पुढे उपवासाऐवजी स्तोत्रपठण किंवा द्रव्य देण्याची सवलत आली आणि तिचा गैरवापर झाला. चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) जाणत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या प्रबंधांपैकी पहिलाच, ख्रिस्ती माणसाचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे सांगतो. ट्रेंट परिषदेने (१५५१) पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई ही पापनिवेदकाची तीन कर्तव्ये ठरवली. जाळी बसवलेल्या पापनिवेदन-कक्षाचे तपशील मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या १५७७ च्या सूचनांत आढळतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये नवा विधी आला व समोरासमोर बसून बोलण्याची पद्धत रूढ झाली.

विधी : कॅथलिक व्यक्ती आधी विवेकबुद्धीची तपासणी करते : कोणाला दुखावले, काय लपवले, कोणते कर्तव्य टाळले. मग जाळीपाशी गुडघे टेकून किंवा धर्मगुरूसमोर बसून क्रुसाची खूण करते, मागच्या पापनिवेदनाला किती काळ झाला ते सांगते आणि पापे बोलून दाखवते. गंभीर पाप कितीदा घडले तेही सांगावे लागते. धर्मगुरू थोडक्यात उपदेश करतो व प्रायश्चित्त देतो : ठरावीक वेळा प्रभूची प्रार्थना, एखादे परोपकाराचे काम किंवा वैरी झालेल्या माणसाला भेटणे. पश्चात्तापाची प्रार्थना झाल्यावर तो हात पुढे धरून पापक्षमेचे वचन उच्चारतो. चोरलेली वस्तू किंवा बुडवलेली मजुरी शक्य असूनही परत करायची नसेल, तर पश्चात्ताप खरा मानला जात नाही. ऐकलेले पाप धर्मगुरूने कोणत्याही कारणाने उघड करायचे नसते (धर्मनियम संहिता १९८३, नियम ९८३). गुप्ततेची ही मोहोर थेट मोडल्यास तो आपोआप बहिष्कृत होतो. प्राग येथे १३९३ मध्ये नदीत बुडवून मारलेले संत जॉन नेपोमुक हे या गुप्ततेचे हुतात्मे मानले जातात. त्यांच्या मृत्यूमागे मात्र राजा व आर्चबिशप यांच्यातील वाद होता, असे इतिहासकारांचे मत आहे.

दैनंदिन आचरण : मिस्साच्या आरंभी भाविक छातीवर हात मारून सामुदायिक पापकबुली देतात. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा घेण्याची सवय इग्नेशियस लोयोला यांच्या शिकवणीने दृढ केली. पोप दहावा पायस यांच्या १९१० च्या आदेशाने मुले साधारण सातव्या वर्षी प्रथम पापनिवेदन करू लागली. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ हा पश्चात्तापाचा मुख्य काळ होय. तेव्हा पुष्कळ पॅरिशमध्ये बाहेरून धर्मगुरू बोलावले जातात आणि पापनिवेदनाला रांगा लागतात. ही रांग घरापर्यंत पोचली पाहिजे. ज्याने भावाशी बोलणे टाकले आहे, त्याने चर्चमधून निघून भावाचे दार वाजवले की संस्काराचा हेतू तडीस जातो.

प्रॉटेस्टंट पंथ : ल्यूथरने खाजगी पापनिवेदन ऐच्छिक ठेवले. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील सकाळच्या उपासनेत १५५२ पासून सामुदायिक पापकबुली आहे. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले, त्यांत सभासदांनी आपली पापे एकमेकांना सांगावीत अशी अपेक्षा होती. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीच्या उपासनेतही प्रभुभोजनापूर्वी पापकबुली होते.

ऑर्थोडॉक्स पंथ : येथे धर्मगुरू मुख्यतः साक्षीदार मानला जातो.

महाराष्ट्र व गोवा : वसई व गोव्यात ही प्रथा पोर्तुगीज काळात आली. राशोल येथे १६२२ मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक भाविकांना त्यांच्या भाषेत शिकवण देण्याच्या खटपटीचे साधन होते. मराठी भूमीतील सर्वांत लक्षणीय घटना मात्र प्रॉटेस्टंट आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ मध्ये पुनरुज्जीवनाची लाट आली. दुष्काळातून वाचवलेल्या मुली व विधवा मोठ्याने रडून आपली पापे कबूल करू लागल्या आणि तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. नंतर मुलींची पथके प्रार्थना व सुवार्तेसाठी खेड्यांत जाऊ लागली. समाजाने ज्यांचे बोलणे कधी ऐकले नव्हते, त्या स्त्रियांनी येथे स्वतःच्या अंतःकरणाचा झाडा स्वतःच्या तोंडाने दिला. ख्रिस्ती पश्चात्तापाच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान मिळायला हवे.

वाद : पापनिवेदनाच्या गुप्ततेचा गैरफायदा घेतल्याच्या केरळमधील आरोपांनंतर २०१८ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथा बंद करण्याची शिफारस केली. चर्चसंस्थांनी तिला विरोध केला. या विषयावर मतभेद आहेत.