मुदतीचा आदला दिवस

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची मुदत उद्या संपते. १८ सप्टेंबरला शासनाने दोन महिने दिले होते. त्यातले पहिले काही आठवडे मराठवाड्यात पुराच्या पाण्यात गेले. परभणी जिल्ह्यात सोयाबीन शेतातच कुजलं, घरात पाणी शिरलं, कागदपत्रांचा लगदा झाला. बाकीचे आठवडे ‘सर्वर चालंना’ यात गेले.

पुढच्या घटनाक्रमातली बाई कुणी एक नाही, म्हणून तिला नाव नाही. वेळा आणि रकमाही एखाद्या तक्रारीतून उचललेल्या नाहीत. फसवणुकीची रीत मात्र सायबर पोलिसांच्या इशाऱ्यांत पुन्हा पुन्हा येते तीच आहे. तारखा, नियम आणि सरकारी आकडे खरे आहेत. ती जिंतूर तालुक्यातली आहे असं समजा. सेलू, पाथरी, पालम, कुठलीही म्हटली तरी चालेल.

सकाळी ७.४०

बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: ‘उद्या शेवटचा दिवस. केवायसी नाही तर हप्ता कायमचा बंद.’ खाली एक लिंक. ती पाठवणारी बाई गावातलीच आहे. तिला ती माहेरच्या ग्रुपवर मिळाली. माहेरच्या ग्रुपवर कुठून आली, ते कुणी विचारत नाही.

खरं संकेतस्थळ एकच आहे, आणि त्याचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. ई-केवायसी सुरू झाली तसे नकली पत्तेही फिरू लागले, आणि त्यावरून शासनाला सावधही करावं लागलं. असा संशयास्पद मेसेज किंवा फोन आला, तर पैसे जाण्याआधीच त्याची खबर देण्याची सोयसुद्धा आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून ‘चक्षु’ नावाची खिडकी आहे. ग्रुपवर चव्वेचाळीस जणी आहेत. खिडकी एकीलाही माहीत नाही.

सकाळी ९.१५

आपले सरकार सेवा केंद्राबाहेर रांग. ई-केवायसीची पद्धत अशी: आधी बाईचा आधार क्रमांक, मग तिच्या मोबाईलवर ओटीपी. त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि त्यांच्या मोबाईलवर ओटीपी. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही वगैरे जाहीर करायचं, की झालं. तिचा ओटीपी दोनदा आला, पण टाकेपर्यंत वेळ संपली. नवऱ्याचा आलाच नाही. आधारला जोडलेलं त्याचं जुनं सिम केव्हाच बंद पडलंय.

“दुपारून या ताई, आत्ता लई लोड हाय.”

दोन महिने हेच चाललंय: आकडा आला की वाचून दाखवायचा, समोरचा तो टाकणार, मग काम होणार. ओटीपी कुणाला सांगू नये असं बँक एसएमएस करून सांगते. योजनेच्या रांगेत मात्र तो मोठ्याने सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ठगाला शिकवायला काही उरलेलंच नाही. रांगेने तयार केलेली सवय तो फक्त वापरतो.

सकाळी ११.२०

फोन. “ताई, महिला व बालविकास विभागातून बोलतोय, मुंबईवरून.” मराठी स्वच्छ, मागे ऑफिसात असावा तसा आवाज. तो तिचं पूर्ण नाव घेतो, आणि तिथेच निम्मं काम होतं. नाव मिळवायला सरकारी यादी लागतेच असं नाही. यूपीआय ॲपमध्ये मोबाईल नंबर टाकला की खातेदाराचं नाव समोर येतं. २०२४ च्या पावसाळ्यात अर्ज भरताना आधारच्या झेरॉक्स किती टेबलांवर राहिल्या, याचा हिशेब तर कुणापाशीच नाही.

सकाळी ११.२६

“तुमचं नाव अपात्र यादीत आलंय. पडताळणी झाली नाही तर घेतलेले सगळे पैसे परत भरावे लागतील. गुन्हाही दाखल होऊ शकतो.”

हे तिला खोटं वाटत नाही, कारण ऐकलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी २६.३४ लाख लाभार्थ्यांचा लाभ स्थगित केल्याचं जाहीर केलं होतं. त्याच महिन्यात १४,२९८ पुरुषांनी या योजनेचे सुमारे २१ कोटी ४४ लाख रुपये उचलल्याची बातमी गावोगावच्या पारावर चघळली गेली. बोगस लाभार्थी शोधण्याची मोहीम खरी होती आणि हवीच होती. पण तिची भीती बसली ती हक्काच्या दीड हजारावर घर चालवणाऱ्या बाईला. ठगाने तीच भीती उचलून फोनवर वाचून दाखवली.

सकाळी ११.३८

व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. नाव योजनेचं, चित्रात राजमुद्रेसारखं काहीतरी, शेवटी ‘एपीके’. फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचं का? “हो दाबा ताई.” फोन पुन्हा विचारतो, या ॲपला मेसेज वाचू द्यायचे का? “हो दाबा.”

दुसऱ्या ‘हो’बरोबर तिच्या फोनचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात. इथून पुढे ओटीपी विचारावाही लागणार नाही. शेजारच्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती पत्रिका म्हणजे अशीच फाईल होती, आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. तेव्हा हा शिक्षणाचा प्रश्न आहे, असं म्हणून कुणी मोकळं होऊ नये.

फॉर्म उघडतो. आधार, खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, शेवटी पिन. “पडताळणीचा एक रुपया कटेल, तो परत येईल.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. हे वाक्य प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर हवं होतं. भिंतीवर ‘झेरॉक्स २ रु.’ एवढंच आहे.

सकाळी ११.५२

खात्यात ६३,४०० रुपये आहेत. त्यातले ५० हजार बचत गटातून शेळ्यांसाठी काढलेलं कर्ज. आधी २५ हजार जातात, चार मिनिटांनी आणखी २५, मग १२ हजार. उरले १,४००. पैसे कटल्याचे मेसेज बँकेने पाठवले, पण ते तिच्या नजरेला पडायच्या आत गायब झाले. फोन ठेवताना त्याने बजावलं, “चोवीस तास हे ॲप काढू नका. पडताळणी चालू आहे.”

दुपारी १२.०५ ते ३

तिला काही कळलेलं नाही, आणि पैसे मात्र धावतायत. पहिल्या खात्यातून तीन खात्यांत, तिथून आणखी पुढे. ही खाती ठगाच्या नावावर नसतात. कमिशनच्या बदल्यात कुणीतरी आपलं पासबुक, एटीएम आणि सिम दिलेलं असतं. दर उडीला रक्कम फुटते, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा बाहेर येतात. नोटा आल्या की संपलं. त्याआधी कुठल्याही खात्यात रक्कम अडवता येते. सगळी शर्यत एवढ्याच अंतराची.

दुपारी ३.१०

गावातल्या बँक प्रतिनिधीकडे ती दोन हजार काढायला जाते. अंगठा लावते. “काकू, चौदाशेच हायत.” ती पुन्हा अंगठा लावते. आकडा तोच.

या मिनिटाला कुणीतरी १९३० हा नंबर फिरवला असता, तर पुढचं वेगळं झालं असतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर यंत्रणेची ही हेल्पलाईन. तिच्यामागची व्यवस्था २०२१ पासून बँकांना जोडलेली आहे. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच कळतं, आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. या व्यवस्थेने जुलै २०२५ पर्यंत साडेपाच हजार कोटींच्या आसपास रक्कम वाचवल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. दुसरीकडे, एकट्या २०२४ सालात देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटी. वाचलेले आणि गेलेले यांच्यात जी दरी आहे, तिचा मोठा भाग उशिराने खणलेला आहे.

दुपारी ३.१५ ते ४.२०

ती कुणालाच सांगत नाही. नवरा कापसात आहे. गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या दारापर्यंत जाते आणि वळते. पन्नास हजार तिचे एकटीचे नाहीत, दहा जणींच्या बचतीचे आहेत. ‘तुलाच कसं फसवलं?’ हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, तरी तिला तो ऐकू येतोय. शेवटी, ज्याला सगळं माहीत आहे असं वाटतं त्यालाच ती फोन लावते. सकाळचा नंबर.

तो लगेच उचलतो.

दुपारी ४.३५

“घाबरू नका ताई, सिस्टिमने चुकून कापले. रिफंड तुमच्या खात्यावर येणार नाही, पतीच्या खात्यावर येईल.” हेही ओळखीचंच. ई-केवायसीत नवऱ्याची पडताळणी लागतेच की. नवरा नुकताच घरी येऊन हातपाय धुतोय, त्याचा फोन खाटेवर पडलाय. चार आकडी पिन घरात सगळ्यांना पाठ. तिच्या फोनवर आलेला क्यूआर कोड ती नवऱ्याच्या फोनने स्कॅन करते आणि पिन टाकते.

१८,५०० रुपये जातात. पूरग्रस्तांसाठी ७ ऑक्टोबरला जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये कोरडवाहू जमिनीला हेक्टरी एवढीच मदत बसत होती: पिकाचे साडेआठ हजार आणि रब्बीच्या पेरणीसाठी दहा हजार. पुरात गेलेल्या सोयाबीनची भरपाई या घरात तीन दिवसच टिकली.

सकाळचे पैसे ती गाफील असताना गेले. हे गेले ते पैसे गेल्याचं कळल्यानंतर. अनर्थ खरा इथे झाला, आणि तो ॲपने केलेला नाही. सव्वा तास एकटीने सोसलेल्या भीतीने केला.

संध्याकाळी ७.२०

मुलगा परभणीहून कॉलेज करून येतो. आईचा चेहरा पाहून विचारतो, आणि सगळं बाहेर येतं. बाप आवाज चढवतो. मुलगा आधी आईचा फोन विमान मोडवर टाकतो, मग स्वतःच्या फोनवरून १९३० लावतो. हे दोन्ही त्याने बरोबर केलं. ज्या फोनमध्ये ते ॲप बसलंय, त्यावरून तक्रार करायची नसते. लाईन व्यस्त. पुन्हा. लागते.

पलीकडून विचारतात: खाते क्रमांक, बँक, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक. नवऱ्याच्या फोनमध्ये सगळं आहे. आईच्या खात्यातल्या व्यवहारांचे क्रमांक बँक प्रतिनिधीकडून स्टेटमेंट काढून आणावे लागतात, त्यात आणखी वीस मिनिटं. तक्रारीचा क्रमांक येतो. उरलेला तपशील राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर भरायचा. बँकेच्या हेल्पलाईनवर सांगून दोघांची कार्डं आणि यूपीआय बंद होतात.

नवऱ्याच्या पैशातला काही भाग अजून दुसऱ्या खात्यात अडकलेला सापडण्याची शक्यता आहे. सकाळच्या ६२ हजारांना साडेसात तास झालेत. त्यांची आशा फार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ११

पोलीस ठाणे. ‘हे आमच्याकडं येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे. गोठलेली रक्कम परत मिळवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो, म्हणून तक्रारीची पोच जपून ठेवायची.

मग बँकेत लेखी अर्ज. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन-पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तीन दहाला फक्त बँकेला फोन गेला असता, तर तिच्या खात्याची जबाबदारी त्या मिनिटापासून बँकेवर आली असती. घरात एवढी बोंब झाली असती, तर नवऱ्याचा फोन खाटेवर मोकळा राहिलाच नसता.

आणि ती मुदत? ती ऐनवेळी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पूरग्रस्त बायका, आणि पती व वडील दोघेही नसलेल्या बायका अडकल्यात, हे शासनाच्या ध्यानात आलं. हे दोन आठवडे आधी ध्यानात येतं, तर ‘उद्या शेवटचा दिवस’ या वाक्यातली हवाच गेली असती. सव्वादोन कोटींच्या आसपास बायकांकडून ओटीपी मागणाऱ्या यंत्रणेने त्याच बायकांना ‘आम्ही फोन करत नाही, फाईल पाठवत नाही’ हे तेवढ्याच वेळा सांगायला हवं. अंगणवाडी सेविकेने अर्ज भरले, तर हेही तिच्याच तोंडून गावात गेलं पाहिजे. ग्रामसभेत दवंडी द्यावी, गटाच्या बैठकीत वहीवर पहिल्या ओळीत लिहावं.

गटाने काय करायचं, ते तर आजच ठरवता येईल. फसलेल्या बाईला पहिला तासभर कुणी दोष द्यायचा नाही. दुसऱ्याच्या फोनवरून आधी १९३०, लगेच बँक, मग नवरा, मग गट. रागवायचं असेल तर त्यानंतर.