टुनाइट शो : रात्रकालीन संवादकार्यक्रमाच्या ऱ्हासाची मीमांसा

रात्री उशिरा दाखवला जाणारा गप्पांचा कोणताही कार्यक्रम म्हणजे रात्रकालीन संवादकार्यक्रम नव्हे. अमेरिकी दूरचित्रवाणीत या प्रकाराची चार लक्षणे आहेत. (१) स्थानिक केंद्राचे रात्री अकराचे बातमीपत्र संपताच त्याचा आरंभ होतो. (२) तो आठवड्यातून चार-पाच रात्री आणि वर्षानुवर्षे चालतो. (३) त्याचा क्रम ठरलेला असतो : प्रथम त्या दिवसाच्या घडामोडींवर विनोदी निवेदन, नंतर मेजामागे बसून केलेले काही प्रहसन, मग पाहुण्यांशी संभाषण आणि अखेरीस गायन किंवा एखादा नवोदित विनोदकार. (४) हे सर्व एकाच सूत्रसंचालकाच्या व्यक्तित्वाने बांधलेले असते. यांपैकी पहिले लक्षण बहुधा गौण मानले जाते. प्रस्तुत विवेचनात तेच प्रधान मानले आहे; उरलेली तीन त्याच्या आश्रयाने वाढली आणि तो आश्रय सुटल्यावर ती सांभाळणे कठीण झाले, असे येथे दाखवायचे आहे.

'ऱ्हास' या शब्दाचेही तीन अर्थ वेगळे केले पाहिजेत. प्रेक्षक घटणे हा संख्येचा ऱ्हास. कार्यक्रम समाजात जे कार्य करीत होता ते त्याच्याकडून न होणे हा कार्याचा ऱ्हास. खर्च वजा जाता काही न उरणे हा अर्थाचा ऱ्हास. हे तीन एकाच वेळी घडत नाहीत, आणि त्यांची सरमिसळ केल्याने या विषयावरील बरीच चर्चा निष्फळ झाली आहे.

विवेचनासाठी एनबीसी या नेटवर्कचा 'द टुनाइट शो' घेतला आहे. २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली तो देशभर सुरू झाला. १९५७ ते १९६२ जॅक पार आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तीस वर्षे जॉनी कार्सन यांनी तो चालवला. आजही तो चालू आहे. या प्रकारातील पुढचे सर्व कार्यक्रम त्याच्या साच्यावर घडले आहेत, त्यामुळे त्याच्या बाबतीत जे सिद्ध होईल ते इतरांस प्रायः लागू पडते.

आता कालस्थानाचा विचार करू. अमेरिकेत नेटवर्क कार्यक्रम पुरवते आणि शेकडो स्थानिक केंद्रे ते प्रक्षेपित करतात. यांतील बहुसंख्य केंद्रे नेटवर्कच्या मालकीची नसून केवळ संलग्न असतात. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्वतःच्या बातमीपत्रातून येतो. म्हणजे टुनाइट शोचा प्रेक्षक हा त्याने स्वतः जमवलेला प्रेक्षक नव्हता; हवामानाचा अंदाज आणि खेळाचे निकाल पाहून जो संच बंद करायला उठला नाही, तो त्याचा प्रेक्षक. हे अवलंबित्व कार्सन यांना पुरेपूर ठाऊक होते. आरंभी कार्यक्रम सव्वाअकराला सुरू होऊन एकपर्यंत चाले. साठच्या दशकात अनेक केंद्रांनी बातमीपत्र पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेले व ती साडेअकराला कार्यक्रमात सामील होऊ लागली. परिणामी कार्सन यांचे आरंभीचे निवेदन देशाच्या मोठ्या भागात दिसेनासे झाले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पाव तासात रंगमंचावर येण्यास नकार दिला. ती पंधरा मिनिटे त्यांचे सहकारी एड मॅकमहन व वाद्यवृंद यांनी भरून काढली, आणि १९६७ मध्ये कार्यक्रमाचा आरंभच साडेअकरावर नेण्यात आला. देशातील सर्वांत लोकप्रिय सूत्रसंचालकाला गावोगावच्या बातमीपत्रांनुसार आपले घड्याळ लावून घ्यावे लागले.

(भारतातील उपग्रह-वाहिन्यांना अशी संलग्न स्थानिक केंद्रे नव्हती. १९९७ मध्ये सोनीवर शेखर सुमन यांच्या 'मूव्हर्स अँड शेकर्स'ने निवेदन, वाद्यवृंद, मेज हे सर्व आणले. बातमीपत्राकडून वारसाहक्काने येणारा प्रेक्षक मात्र आणता येण्यासारखा नव्हता.)

या स्थानापासून दुसरा गुणधर्म निष्पन्न होतो : नश्वरता. दिवसाच्या बातम्यांनंतर येणारा कार्यक्रम त्या दिवसाबद्दल बोलतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी शिळा होतो. याविषयी निर्मात्यांच्याच मनात किती अल्प संदेह होता याचा पुरावा म्हणजे १९६२ ते १९७२ या दशकातील कार्सन यांचे जवळजवळ सर्व भाग नष्ट झाले आहेत. ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज हे अनाकलनीय वाटते. तत्कालीन हिशेबाने ते योग्यच होते : फीत महाग होती, काल रात्रीचा विनोद निरुपयोगी होता आणि आज रात्री नवा तयार होणार होता. नाट्यमालिकेच्या मानाने एक तास भरून काढण्याची ही अतिशय स्वस्त रीत होती. तेव्हा नश्वरता हा दोष नव्हता.

तिसरे, कार्य. हे कार्य द्विविध होते. पहिले, दिवसाचा समारोप : निरनिराळ्या पक्षांचे, प्रांतांचे लोक एकाच वेळी एकाच गोष्टीवर हसत. दुसरे, प्रवेशाधिकार देणे. त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. नवोदित विनोदकार रंगीत पडद्यासमोर उभा राहून पाच-सहा मिनिटे सादर करी. टाळ्या पडत असताना तो कार्सन यांच्या मेजाकडे पाही. त्यांनी अंगठा व तर्जनी जुळवून खूण केली तर सादरीकरण मान्य झाले असा अर्थ होता. हाताने बोलावून कोचावर बसवले तर त्या तरुणाचे पुढील आयुष्य बदलत असे. १९७३ मध्ये फ्रेडी प्रिन्झ यांच्या बाबतीत असे घडले. १९८६ मध्ये एलन डीजेनेरस आल्या. पहिल्याच सादरीकरणानंतर कोचावर बोलावल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री-विनोदकार. एका माणसाच्या हाताच्या खुणेत इतके सामर्थ्य का होते? देशातील सर्व नाट्यगृहांचे आणि क्लबांचे चालक त्याच वेळी, तीच खूण पाहत होते म्हणून. सामर्थ्य समकालिकतेचे होते.

कार्याच्या ऱ्हासाची पहिली पायरी १९८० ची आहे. त्या वर्षी कार्सन यांच्या नव्या करारानुसार कार्यक्रम नव्वद मिनिटांवरून साठ मिनिटांवर आला. अर्ध्या तासाच्या या कपातीत विनोद गेला नाही, गीत गेले नाही, चित्रपटाची जाहिरात करायला आलेला नट तर मुळीच गेला नाही. गेला तो शेवटचा पाहुणा. साडेबाराच्या पुढे, उरलेल्या प्रेक्षकांसमोर, लेखक व शास्त्रज्ञ निवांत बोलत. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक किंवा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यासारखे पाहुणे या कार्यक्रमात वारंवार आले ते त्या ऐसपैस रचनेमुळे. साठ मिनिटांच्या चौकटीत अशा संभाषणाला जागा काढून द्यावी लागे, आणि ती क्वचितच काढली जाई. प्रेक्षकसंख्या या काळात भक्कम होती. २२ मे १९९२ चा कार्सन यांचा निरोपाचा भाग सुमारे ५ कोटी लोकांनी पाहिला. तेव्हा, कार्याचा ऱ्हास संख्येच्या ऱ्हासाच्या किमान बारा वर्षे आधी सुरू झाला होता, असे म्हणणे भाग आहे. या कपातीकडे इतिहासकारांनी जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही.

१९९२ नंतरचा काळ बहुधा व्यक्तींच्या संघर्षाची कथा म्हणून सांगितला जातो. टुनाइट शो जे लेनो यांच्याकडे गेला. डावलले गेलेले डेव्हिड लेटरमन ३० ऑगस्ट १९९३ रोजी सीबीएस या नेटवर्कवर 'लेट शो' घेऊन समोर उभे ठाकले. आरंभी लेटरमन पुढे होते. १० जुलै १९९५ रोजी, नुकतीच अटक होऊन सुटलेले नट ह्यू ग्रँट लेनो यांच्यासमोर येऊन बसले आणि पारडे फिरले. कथा रंजक आहे. तिचे विवेचनमूल्य अल्प आहे. महत्त्वाचे एवढेच की एकाच साडेअकराला आता दोन आसने होती, आणि समकालिकता दुभागली होती. कोचावरच्या निमंत्रणाला पूर्वीचे सामर्थ्य पुन्हा लाभले नाही.

सिद्धांताची खरी कसोटी २००९-१० मध्ये लागली. एनबीसीने २००४ मध्येच दिलेल्या वचनानुसार १ जून २००९ रोजी कोनन ओब्रायन यांच्याकडे टुनाइट शो आला. लेनो प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नयेत म्हणून नेटवर्कने त्यांना सप्टेंबरपासून रोज रात्री दहाचा तास दिला. खर्चाच्या दृष्टीने कल्पना चतुर होती, कारण दहाच्या तासाच्या नाट्यमालिका फार महाग पडत. परंतु दहाला प्रेक्षक घटले, त्यामुळे अकराच्या स्थानिक बातमीपत्राला कमी प्रेक्षक मिळाले, आणि त्यामुळे ११.३५ ला ओब्रायन यांना त्याहून कमी. संलग्न केंद्रांनी तक्रारीचा सूर इतका वाढवला की जानेवारी २०१० मध्ये नेटवर्कने माघार घेतली आणि लेनो यांना ११.३५ चा अर्धा तास व टुनाइट शो १२.०५ ला, अशी तोड सुचवली. ओब्रायन यांनी ती नाकारली. मध्यरात्रीनंतर सरकवलेला टुनाइट शो हा तो कार्यक्रमच राहणार नाही, हा त्यांच्या १२ जानेवारीच्या निवेदनाचा आशय होता. २२ जानेवारीला त्यांचा शेवटचा भाग झाला. १ मार्चला लेनो परतले. मेज तेच, नाव तेच, सूत्रसंचालक तोच असूनही केवळ तीस मिनिटांनी कार्यक्रमाचे स्वत्व जाते, अशी ओब्रायन यांची भूमिका होती असा याचा अर्थ होतो.

परंतु ज्या स्थानासाठी हा कलह झाला ते स्थान तोवर पोकळ होत आले होते. कार्यक्रम मुद्रित करून ठेवणाऱ्या साठवणयंत्रामुळे साडेअकराला लोक नऊची मालिका पाहू लागले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे लेनो स्पर्धेत अग्रस्थानी असतानाच, टुनाइट शोमधून सुमारे वीस कर्मचारी कमी करण्यात आले. अग्रस्थान आणि कर्मचारी-कपात एकत्र नांदू लागली, तेव्हा व्याधी सूत्रसंचालकात नसून आसनात आहे हे स्पष्ट व्हायला हवे होते.

१७ फेब्रुवारी २०१४ पासून जिमी फॅलन आले. त्यांनी जे केले ते कालस्थानाच्या मर्यादेबाहेर पडण्याचा प्रयत्न म्हणून समजून घेतले पाहिजे. पाहुण्याशी संभाषण करण्याऐवजी पाहुण्याशी खेळ खेळायचा. खेळ तीन-चार मिनिटांचा. तो सकाळी यूट्यूबवर. या वाहिनीचे सदस्य ३ कोटींच्या पुढे गेले. संख्येचा विचार केला तर येथे वृद्धी दिसते. पण तुकडा सुटा झाला की क्रम संपतो; पाचव्या मिनिटाचा प्रेक्षक चाळिसाव्या मिनिटाला उरत नाही, म्हणून नवोदिताला नटाच्या पाठोपाठ आणून ओळख करून देणे शक्य होत नाही. शिवाय रात्रीच्या जाहिरातींचे दर नेटवर्क ठरवत असे. तुकड्यांवरील जाहिरातीत यूट्यूबचा वाटा वजा होतो. आणि ज्याला दीर्घ संभाषण हवे त्याच्यासाठी दोन-दोन तासांचे पॉडकास्ट आले. सहाय्यकाने पाहुण्याशी आधीच बोलून किस्से निश्चित करायचे आणि सूत्रसंचालकाने ते प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकायचे, ही जुनी रीत त्यांच्या शेजारी कृत्रिम दिसू लागली.

येथे एक आक्षेप संभवतो : ऱ्हासाचे कारण राजकारण आहे, सूत्रसंचालक एका पक्षाचे झाले म्हणून अर्धा देश दुरावला. आक्षेप सर्वथा निराधार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फॅलन यांनी उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांचे केस विस्कटले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली; निवडणुकीनंतर कठोर राजकीय विनोद करणारे 'लेट शो'चे सूत्रसंचालक स्टीफन कोलबेर त्यांच्या पुढे गेले. म्हणजे पक्ष घेणे हे स्पर्धेत लाभाचे ठरले. परंतु कारण परिणामाच्या आधी असावे लागते, आणि १९८० ची काटछाट, २०१० चा कलह व २०१२ ची कपात या तिन्ही गोष्टी ट्रम्प यांच्या उमेदवारीच्या आधीच्या आहेत. सर्वांना एकाच वेळी गाठणे अशक्य झाल्यावर निष्ठावंतांना घट्ट धरणे हा व्यवहार आहे. पक्षपात हे ऱ्हासाचे फलित होय. पुढे त्याने ऱ्हासाला हातभारही लावला, इतकेच.

अर्थाचा ऱ्हास सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत वेगाने. नेटवर्कच्या रात्रकालीन कार्यक्रमांचे जाहिरात-उत्पन्न २०१८ मध्ये सुमारे ४३ कोटी ९० लाख डॉलर होते. २०२४ मध्ये ते सुमारे २२ कोटींवर आले. २०२४ मध्ये टुनाइट शोचे नवे भाग आठवड्यातून पाचाऐवजी चार झाले. १७ जुलै २०२५ रोजी सीबीएसने 'लेट शो' मे २०२६ मध्ये कायमचा बंद करण्याची घोषणा केली; म्हणजे कोलबेर यांच्या जागी दुसरा कोणी येणार नव्हता. निर्णय केवळ आर्थिक असल्याचे नेटवर्कने सांगितले. त्याच महिन्यात मूळ कंपनीने ट्रम्प यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केलेली असल्याने हे अनेकांना पटले नाही, आणि संशयाला जागा होती. तथापि राजकीय दडपणाने सूत्रसंचालक जातो. आसन उचलून नेण्यासाठी ते आधीच तोट्यात असावे लागते. जुन्या काळी वारस कोण यावरून वर्षानुवर्षे कारस्थाने चालत; आता वारसच नेमायचा नव्हता.

नश्वरतेचे मूल्यही याच काळात उलटले. प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांना संग्रह हवा असतो, दहा वर्षांनीही पाहता येईल असा; कालच्या बातमीवरचा विनोद त्या संग्रहात निरुपयोगी. 'लेट शो'नंतरचा १२.३५ चा तास सीबीएस १९९५ पासून 'लेट लेट शो'साठी राखीत असे. तो कार्यक्रम एप्रिल २०२३ मध्ये संपला. त्याच्या जागी आणलेला 'आफ्टर मिडनाइट' दीड वर्षात, जून २०२५ मध्ये थांबला. सप्टेंबरपासून तो तास बायरन ॲलन यांच्या 'कॉमिक्स अनलीश्ड'ला दिला गेला. व्यवहार असा की निर्माता नेटवर्कला वेळेचे भाडे देतो आणि जाहिराती स्वतः विकतो. या कार्यक्रमात चालू घडामोडींवर विनोद करायचा नाही असा दंडक आहे, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही वर्षी दाखवता येतो.