केसभर अंतर

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी बंदूक चालवत नाही. (आई, हे वाक्य खास तुझ्यासाठी.) पण गेली काही वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या तळघरात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत. ते निवृत्त टर्नर-फिटर, आमच्या पोरांच्या भाषेत ‘बंदूकवाले आजोबा’. आपली काडतुसं ते स्वतः भरतात. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वरून प्रेसचा दांडा दाबून गोळी पुंगळीच्या तोंडात बसवायची. हे शेवटचं काम दिसायला सर्वात सोपं. पण गोळी नेमकी किती खोल बसवायची यावर या माणसाच्या पंचवीस वर्षांच्या वह्या भरल्या आहेत.

माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्येही हाच शब्द ऐकलाय. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. इतक्या बारीक अंतराची काळजी माणसाला केव्हापासून लागली, हे शोधायला लागलो आणि गुंतलो.

रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. ते गोळीला फिरकी देतात, फिरकीमुळे गोळी सरळ जाते. काडतूस बसतं ती जागा संपली की थोडी मोकळी जागा येते आणि मग आटे सुरू होतात. म्हणजे गोळी आधी एक छोटी उडी मारते आणि मग आट्यांत शिरते. पुंगळीत गोळी जितकी खोल, तितकी ही उडी लांब. सगळा वाद या उडीचा.

तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीत हा प्रश्नच नव्हता, कारण गोळी मुळात आट्यांतूनच खाली जायची. तिथली अडचण वेगळी. गोळी आट्यांना घट्ट बसेल एवढी मोठी असेल तर ती सळईनं ठासताना जीव जायचा, त्यात दारूच्या काजळीनं नळी आणखी अरुंद व्हायची. फ्रान्सच्या मिनिएनं १८४९ साली तोड काढली ती अशी: गोळी नळीपेक्षा जरा बारीक, बुडाशी पोकळ, आत सहज घसरते आणि बार उडताच बूड फुगून आट्यांना भिडते. इंग्रजांची १८५३ची एन्फिल्ड याच तत्त्वावर होती. दारू आणि गोळी कागदाच्या एका पुडीत, आणि तो कागद काजळीतून खाली सरकावा म्हणून त्याला चरबीचा लेप. पुढचं आपण शाळेत शिकलोय. बराकपूर, मंगल पांडे, २९ मार्च १८५७. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही या काडतुसांचा विषय येतो. पण ती चरबी मुळात कशाला लागत होती, हे मला शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही. गोळी आणि नळी यांच्यातल्या केसभर अंतराचा प्रश्न होता तो! अर्थात बंड काही एवढ्यावरून झालं नाही, पण ठिणगी इथली.

मग मागून भरायच्या रायफली आल्या, धातूच्या पुंगळ्या आल्या, आणि गोळी नळीतून उठून पुंगळीत जाऊन बसली. ‘उडी’ जन्माला आली ती इथे. जुन्या नेमबाजांचा अशा रायफलींवर विश्वास नव्हता. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरच्या मैदानात आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश लोकांकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. एका आयरिश खेळाडूनं ९०० यार्डांवर अचूक मध्यभाग टिपला होता, पण शेजारच्याच्या निशाणावर! त्याचा शून्य धरला गेला. ते चार गुण मिळते तर निकाल उलटा लागता. तेव्हा ‘मागून भरणारी जिंकली’ हे तितकंसं खरं नाही.

जुनी शंका गेली नव्हतीच. हॅरी पोप (१८६१–१९५०) हा त्या काळातला नळ्या बनवणारा अव्वल कारागीर. त्याची पद्धत अशी, की गोळी तोंडाकडून आट्यांतून खाली उतरवायची आणि दारूची पुंगळी तेवढी मागून घालायची. उडी शून्य. सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं थाटलेलं दुकान एप्रिल १९०६च्या भूकंपात गेलं. पुढे जर्सी सिटीत त्यानं आयुष्य काढलं. त्याच्या नळ्या वापरून मॅसॅच्युसेट्सच्या फ्रँकलिन मान नावाच्या डॉक्टरनं जे उद्योग केले ते वाचून मला हा माणूस आपल्याच कुळातला वाटला. कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापायचं यंत्र काढून त्यानं पैसा केला आणि तो सगळा एका प्रश्नावर घातला: गोळ्या एकाच जागी का पडत नाहीत? बंदूक हलू नये म्हणून जमिनीत काँक्रीटचा ओटा बांधला, त्याला नाव दिलं ‘जिब्राल्टर’. गोळीच्या वाटेवर कागदाचे पडदे लावले. मुद्दाम गोळ्या बिघडवून झाडल्या. नाक चेपलं तर फारसा फरक नाही, पण बुडाला जरा इजा झाली की गोळी भरकटते, हे त्यानं दाखवलं. १९०९ साली त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. बहुतेकांची नजर टोकावर असताना यानं बूड तपासलं, हे मला फार आवडलं.

ज्या वर्षी पोपचं दुकान पडलं, त्याच वर्षी अमेरिकन सैन्याला उडीचा हिशेब फार मोठा पडला. १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलची गोळी २२० ग्रेनची, गोल नाकाची होती. १९०५ साली जर्मनांनी टोकदार, हलकी गोळी आणली. अमेरिकनांनीही १५० ग्रेनची टोकदार गोळी घेतली. पण टोकदार गोळीचं जाड अंग मागे असतं, त्यामुळे जुन्या नळीत आटे तिच्यापासून फारच लांब राहिले. मग काय, पुंगळीची मान ७० थाऊ आखूड केली आणि आधी तयार झालेल्या रायफलींच्या नळ्या मागच्या बाजूनं २०० थाऊ कापून जागा नव्यानं कोरल्या. एका मोकळ्या जागेपायी! ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात ते काडतूस हेच.

पुढे घरोघर काडतुसं भरण्याचा छंद फोफावला आणि हा हिशेब सामान्य माणसाच्या तळघरात आला. गोळी आट्यांना टेकवून बसवली की तिला धाव मिळत नाही, दाब चढतो. फार आत दाबली तर दारूची जागा कमी होते, दाब पुन्हा चढतो. हे खरं आणि जपण्यासारखं. पण नेम कुठे उत्तम लागतो? लांब, निमुळत्या गोळ्या आल्यावर तर एकमत उरलंच नाही. बर्गर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीनं एक चाचणी सुचवली: २४ काडतुसं, चार खोल्या. एक आट्यांपासून १० थाऊ मागे, बाकी ५०, ९० आणि १३० थाऊ मागे. प्रत्येकीचे तीन-तीन गोळ्यांचे दोन गट झाडायचे, सर्वात लहान गट दिसेल ती खोली आपली.

आजोबांच्या वह्या अशाच गटांच्या. इथे माझी पंचाईत झाली. मी पोटासाठी कारखान्यात गुणवत्ता तपासतो. तीन नगांवरून बॅच पास केली तर मला घरी बसवतील. २०२२ साली हॉर्नडी कंपनीच्या तंत्रज्ञांनी पॉडकास्टवर हेच सांगितलं, की एवढ्या लहान गटांतून निघालेले निष्कर्ष बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतात. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्याच्या पंचवीस वर्षांबद्दल हे कसं सांगायचं? शेवटी एवढंच सुचवलं, की चोवीसही काडतुसं एकाच खोलीची भरा, पाकिटांवर मात्र चार वेगळी चिन्हं करा, आणि नेहमीसारखे गट झाडा.

त्यांनी ते केलं. एका पाकिटाचे गट दुसऱ्याच्या दुप्पट आले. कागद टेबलावर मांडून ते बराच वेळ बसले. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग उठून त्यांनी एक जुनी वही काढली. त्यात एका नोव्हेंबरची नोंद होती: हरणाच्या शिकारीचा दिवस संपला, काडतूस काढायला बोल्ट ओढला, तर गोळी आट्यांत रुतून तिथेच राहिली, पुंगळी तेवढी बाहेर आली आणि सगळी दारू यंत्रात सांडली. त्या पानाखाली त्यांनी आता नवीन तारीख घातली आणि लिहिलं, ५० थाऊ मागे, कायम.

वर्षातून एकदा मात्र ते अजूनही गोळी मेणबत्तीवर धरून काजळी धरवतात आणि हळूच नळीत टेकवून आट्यांच्या खुणा कुठे उमटतात ते पाहतात. नळी झिजते, आटे पुढे सरकतात. गेल्या डिसेंबरात कॅलिपर माझ्या हातात दिला होता. चार थाऊ सरकले होते. मी वाचलं, त्यांनी लिहून घेतलं.