दातांवरचा डाग आणि औषधाची पावती

ग्रामीण भागातील औषधविक्रीचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण कागदांची येते. वाई तालुक्याच्या पश्चिमेकडील वाड्यावस्त्यांत किराणा दुकानातून कोणाला कोणती गोळी गेली याची नोंद कोठेही नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांच्या नावावर औषधाचे बिल कोठून असणार? पण एका औषधाने स्वतःची नोंद ठेवली आहे, आणि तीही घेणाऱ्याच्याच दातांत.

ते औषध म्हणजे टेट्रासायक्लीन. त्याच्या वर्गातील पहिले औषध 1948 साली जगापुढे आले. अनेक रोगांवर चालणारे म्हणून त्याचा वापर झपाट्याने वाढला. कॅप्सूल फोडून आतली भुकटी जखमेवर टाकण्याची रीत खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे. या औषधाने मुलांच्या दातांचा रंग बदलतो, हे 1956 पासून वैद्यकीय नियतकालिकांत येत होते. हे द्रव्य कॅल्शियमला चिकटते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात, किंवा मूल सुमारे आठ वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे दात जबड्यात घडत असताना ते पोटात गेले तर दाताच्या आतच बसते. दात पिवळा उगवतो आणि उजेड लागून करडा, तपकिरी होत जातो. म्हणून समोरचे दात अधिक काळवंडतात. औषध घेतले त्या काळात दाताचा जो भाग घडत होता त्यावरच आडवा पट्टा उमटतो. पट्ट्याच्या जागेवरून त्या वेळचे मुलाचे वय अजमावता येते. (त्याच कुळातील डॉक्सिसायक्लीनचा हा धोका बराच कमी असल्याचे आता मानले जाते, येथे प्रश्न जुन्या औषधाचा आहे.)

हा डाग घासून जात नाही. मिश्रीचा डाग वरून बसतो, तो दंतवैद्य खरवडून काढू शकतो. पाण्यातील फ्लोराइडचे डाग निराळे; ते एकाच पाण्यावर वाढलेल्या साऱ्या मुलांत दिसतात. समाज मात्र हा भेद करीत नाही. डागाळलेला दात म्हणजे अस्वच्छ माणूस, आणि वस्तीतला असेल तर 'यांचे असेच' हा निकाल ठरलेला. ओठ मिटून हसणारे विद्यार्थी मी वर्गात पाहतो. औषधाने केलेला डाग जातीच्या खात्यावर मांडला जातो, हे या इतिहासाचे खरे मर्म आहे.

मग दुकानातूनच औषध का घेतले, असा प्रश्न सुशिक्षितांकडून येतो. डॉक्टर कोणाला उपलब्ध होता, हे आधी विचारले पाहिजे. 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत नोंदवले आहे. बाळंतीण पत्नीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे आणि नवऱ्याने पत्नीकडे. ती बाई वाचली नाही. पुढे अस्पृश्यता कायद्याने गेली, पण अंतर, फी आणि गमावलेली मजुरी राहिली. दुकानदार मात्र उधारीवर देतो आणि पुडी हातात ठेवतो.

कायद्याने हे दुकान पूर्णपणे नाकारले असेही नाही. औषध नियमांच्या अनुसूची के ने 1000 पेक्षा अधिक वस्ती नसलेल्या गावात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम यांसारखी घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा दिली. अट अशी की माल परवानाधारकाकडून घेतलेला आणि मूळ बंद वेष्टनातच विकलेला असावा. चिठ्ठीवर द्यायचे कोणतेही औषध त्यात नसावे. टेट्रासायक्लीनला तेथे जागाच नव्हती. त्याची तोंडाने घ्यायची पातळ औषधे सरकारने 1980 च्या दशकात बंद केली, कॅप्सूल राहिल्या.

बंद वेष्टनाची अट मजुराच्या खिशापुढे टिकत नाही. त्याला दोनच गोळ्या परवडतात. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर ना मुदत उरते ना नाव. आणि अख्खे पाकीट घेतले तरी काय? वाईत मराठी विश्वकोश सिद्ध झाला, पहिला खंड 1976 साली निघाला. पण त्याच वाईच्या पेठेतल्या पाकिटावर चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना इंग्रजीत. ती ज्याने पाळायची तो दुकानदार आणि जिला तिचा उपयोग, ती गरोदर बाई, दोघांनाही ती वाचता येत नाही. पाकिटावर मराठी अक्षर आणि विकण्यापूर्वी 'पोटुशी आहे का, मूल केवढे' एवढी विचारपूस, ही मागणी मोठी नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी वस्त्यांत दातांचे हे पट्टे पाहून आयांच्या तोंडून त्या वर्षांचे आजार आणि दुकाने लिहून घ्यावीत. त्या आया आता साठी-सत्तरीच्या आहेत.