नागपूरची महाराजबाग

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा व मोडी रुमाल यांकडेच संशोधकांचें लक्ष जातें. बागांची गणना साधनांत करण्याची वहिवाट आपल्याकडे नाहीं. परंतु कित्येकदां कागद नष्ट होतात, वास्तु जळते, आणि भूमीवरील नांव मात्र टिकून राहतें. महाराजबागेचा दाखला या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगा आहे.

नागपूर शहर गोंड राजा बख्तबुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं वसविलें. पुढें भोसल्यांनीं तेथें राजधानी केल्यावर शहराभोंवतीं तलाव व बागा झाल्या. महाराजबाग ही सीताबर्डीच्या टेकडीजवळ, नाग नदीच्या कांठीं आहे. नोव्हेंबर १८१७ मध्यें अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली, ती याच टेकडीवर.

ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी औरस पुत्रावांचून वारले व १८५४ सालीं राज्य खालसा झालें. १८६४ सालीं शहरांतील भोसल्यांचा वाडा अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला. बाग मात्र राहिली. तिचें केवळ रूप पालटलें. १८९४ सालीं तेथें प्राणिसंग्रहालय झालें. १९०६ सालीं नागपुरास कृषिमहाविद्यालय निघालें, आणि सांप्रत बागेची व्यवस्था १९६९ सालीं स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे आहे. जुन्या वृक्षांची दाट छाया व मधून मोकळी हिरवळ, असें तिचें आजचें स्वरूप आहे.

यावरून ही बाग मूळची इंग्रजांचीच, असा समज होणें शक्य आहे. पण तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. प्राणिसंग्रहालयापूर्वीं छापलेल्या इंग्रजी गॅझेटियरांतच तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगांव व तेलंगखेडी यांच्या जोडीनें महाराजबागेचें नांव आलेलें आहे. शिवाय राज्य बुडाल्यावर चाळीस वर्षांनीं कोणी नव्यानें ‘महाराज’ हें पद योजील, हेंही संभवत नाहीं. तथापि आजचा प्रत्येक वृक्ष व ताटवा भोसलेकालीन मानणें तितकेंच चुकीचें होईल. नांव जुनें म्हणून मांडणीही जुनी, असें अनुमान निघत नाहीं.

मांडणीचा निर्णय कागदांवांचून होणार नाहीं. माळ्यांचा रोजमुरा, मोटेचा खर्च, कलमांची खरेदी अशा बाबींचे किरकोळ जमाखर्च ज्यांच्या दप्तरांत आढळतील, त्यांनीं ते रद्दी समजून टाकूं नयेत, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे. लढायांचे कागद जपणारे पुष्कळ आहेत. बागेचे कागद जपणारे विरळा.