खाजन बांधांचे दगडी अस्तर

गोव्यात मांडवी व झुआरी नद्यांच्या काठची खाजन शेते भरतीच्या पातळीहून सखल आहेत. त्यांस राखतो तो मातीचा बांध. नदीकडील अंगास जांभ्या दगडाचे अस्तर दिसते, म्हणून बांध दगडावर उभा आहे असा समज होतो. वस्तुतः पाणी अडविते ती आतील चिकणमाती. दगड लाटांचा मारा सोसून तिची धूप थांबवितो, एवढेच.

म्हणूनच दगड जागच्या जागी असतानाही बांध फुटतो. खेकड्यांनी पोखरलेले भोक वेळीच बुजविले नाही, तर भरतीचे पाणी त्यातून वाट काढते, माती आतून वाहून जाते आणि अस्तरामागे पोकळी राहते. कोरडे रचलेले चिरे अशा वेळी खचून निदान सूचना तरी देतात. सिमेंटच्या भिंतीत ते दिसत नाही. शिवाय पाणी निसटण्यास छिद्रे ठेवली नसल्यास ओहोटीला मातीत अडकलेले पाणी भिंतीस मागून रेटते. सरसकट सिमेंट वापरणे आम्हांस म्हणूनच योग्य वाटत नाही.

बांधापुढील खारफुटी लाटांचा जोर आधीच मोडते, ती तोडू नये.

पूर्वी देखरेख गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, करीत असे. १९६४ च्या कुळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कोरगूट भात खारटपणा सोसते खरे, परंतु बांध फुटून नदीच शेतात आली तर तेही टिकत नाही. यास्तव अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर बांधावरून फेरी मारून भोके पाहावीत व ती चिखलाने त्याच ओहोटीत बुजवावीत.